अंगठा, आसवं आणि कवटी

प्रश्न : माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. रोज संध्याकाळी मी तिला ‘पोचलीस का, जेवलीस का’ असं विचारते आणि शेवटी तो गोल, बंद ओठांनी हसणारा छोटा चेहरा टाकते. परवा तिचा फोन आला, ‘आई, माझं काही चुकलंय का? रोज असं टोमणा मारल्यासारखं का हसतेस?’ मी थक्कच झाले. हसऱ्या चेहऱ्यात राग कसा दिसतो? आता साधं हसायचीही चोरी का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : चोरी नाही, पण तुमचं हसू तिच्यापर्यंत पोचेतो त्याचा रंग पालटतोय, एवढं खरं. हा चेहरा २०१४ साली जगभरच्या अधिकृत यादीत आला, तो ‘किंचित हसरा चेहरा’ या नावाने. तुमच्या-माझ्या वयाच्या बायकांना किंचित हसू म्हणजे मायेचंच वाटतं. खदाखदा कोण हसतंय रोज? पण पंचविशीतल्या मुलांच्या हाताशी डोळे मिटून हसणारे, गडाबडा लोळणारे, डोळ्यांत बदाम असलेले ढीगभर चेहरे असतात. एवढे सगळे सोडून कुणी नेमका ओठ न उघडणारा निवडला, की त्यांच्यातल्या पुष्कळांना वाटतं, समोरची व्यक्ती दातओठ खाऊन ‘असू दे, असू दे’ म्हणतेय.

पूर्णविरामाचीही तीच गत. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली विद्यार्थ्यांना छोटे छोटे मोबाइल संदेश वाचायला दिले होते. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते उत्तर त्यांना कमी मनापासून दिलेलं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तोच पूर्णविराम कुणाला खटकला नाही. आपल्याला शाळेत पूर्णविराम विसरला म्हणून छड्या बसल्या, आणि आता तो दिला म्हणून लेकी रुसतात.

एक गंमत सांगते. ही हसरी खूण प्रेम दाखवायला निघालेलीच नव्हती. १९८२ सालची गोष्ट. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावर एक सार्वजनिक फळा होता. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल, असली चर्चा त्यावर रंगली होती. कुणीतरी गमतीने लिहिलं, की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना तो खराच इशारा वाटला. मग विनोदाला काहीतरी खूण हवी, अशी चर्चा निघाली. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने सुचवलं, की विनोद असेल तिथे :-) असं लिहा आणि मान वाकडी करून वाचा. आणि लगेच पुढे :-( हीदेखील खूण दिली. ती दुःखासाठी नव्हती. ‘हा विनोद नाही’ एवढंच सांगायला होती. लोकांनी ती दुःखाला लावून टाकली. फालमन यांचा तो मूळ मजकूर मधली वीस वर्षं हरवला होता, २००२ मध्ये जुन्या टेपांवर सापडला.

म्हणजे मुळात ही खूण ‘मागचं वाक्य कसं वाचायचं’ हे सांगणारी आहे. तुमचं मागचं वाक्य काय? ‘जेवलीस का.’ त्यात कसला विनोद? मग मुलगी शोधत बसते, की आई नक्की कशाला हसली.

माझी नोकरी तार ऑफिसात गेली. शुभेच्छांच्या तारांना ठरावीक क्रमांक असत. लग्नसराईत दिवसभर आठ, आठ, आठ. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचं ते इंग्रजी वाक्य. पाठवणारा पैसे वाचवायला क्रमांक सांगायचा, आणि मांडवात पूर्ण छापील वाक्य पोचायचं. सगळ्यांचं तेच, अक्षराचा फरक नाही. तरी नवरीच्या मामाची तार वडीलधारी मंडळी दोनदा वाचायची आणि एखाद्या लांबच्या पुढाऱ्याची न वाचताच गठ्ठ्यात ठेवायची. क्रमांकात माया नव्हतीच, ती खालच्या नावात होती. तुमच्या गोल चेहऱ्याचंही तसंच. तुमचं नाव तिथे आहेच. चेहरा काढून टाका आणि ‘सहज विचारलं गं’ एवढं लिहा. आणि तिलाच विचारा, की मनापासून हसायचं झालं तर ती कुठला चेहरा पाठवते. मग तुम्ही तोच पाठवा. माझ्या भाचीने मला गालावर लाली असलेला शिकवलाय. मला तो तापाने फणफणल्यासारखा दिसतो, पण तिला आवडतो ना.

प्रश्न : ‘संध्याकाळी भाजी काय करू?’ असं विचारलं तर आमचे हे नुसता वर केलेला अंगठा पाठवतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली. याचा अर्थ काय घ्यायचा?
— वैतागलेली, सांगली

उत्तर : वाचलंच नाही, असा. पुढच्या वेळी ‘गवार की दोडका?’ असं विचारा. तरीही अंगठाच आला तर दोडका करा आणि सलग करत राहा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ सदस्यांच्या निधनाची बातमी आली. सगळे हात जोडत असताना एका काकांनी तीन चेहरे पाठवले, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे. मृताचा मुलगा ग्रुपवरच होता. मोठा गहजब झाला. काका म्हणतात, ‘मी रडणारे पाठवले, आसवं दिसत नाहीत का?’ काहीजण म्हणतात, जुन्या पार्किंगच्या भांडणाचा सूड उगवला. मी सेक्रेटरी आहे. काकांना ग्रुपमधून काढू का?
— सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : काढू नका. काकांनी आसवं पाहिली, तोंड पाहिलं नाही. तुमच्या फोनवर अक्षरं लहान करून ठेवा, चष्मा काढा आणि तो चेहरा बघा. पिवळा ठिपका आणि दोन्हीकडे निळे थेंब, एवढंच दिसेल. हा ‘आनंदाश्रूंचा चेहरा’. इतका लोकप्रिय, की ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून शब्द निवडलाच नाही, हे चित्र निवडलं. पण लोकप्रिय आहे म्हणून काकांच्या ओळखीचा असेलच असं नाही.

आसवांचा घोळ खूप खोल आहे. ही चित्रं मूळची जपानी. तिथल्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली १७६ चित्रांचा संच केला. एकेक चित्र आडवे बारा आणि उभे बारा एवढ्याच ठिपक्यांत बसवायचं होतं. हवामानाच्या बातम्यांतल्या खुणा, रस्त्यावरच्या पाट्या आणि तिथल्या चित्रकथांतले संकेत असं सगळं त्यांनी हाताशी घेतलं. त्याआधी १९९७ मध्येही एका जपानी फोनवर अशी चित्रं आली होती, पण पसरली ती कुरितांची पद्धत. २०१० मध्ये अशी शेकडो चित्रं युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं-चिन्हांच्या जगभरच्या अधिकृत यादीत गेली आणि मग सगळ्या जगाच्या फोनांत शिरली. जपानी चित्रकथांत नाकातून फुगा आला, की तो माणूस गाढ झोपलाय. फोनमध्ये डोळे मिटलेला आणि एक थेंब लोंबणारा चेहरा आहे ना, तो या फुग्यावरून आलाय. त्याचं नाव ‘झोपाळू’. आपल्याकडे तो श्रद्धांजलीला सर्रास जातो. नाकातून वाफ सोडणारा आपण रागासाठी पाठवतो, पण तो अधिकृत यादीत ‘विजयी मुद्रेचा चेहरा’ आहे. तेव्हा काकांना हसणाऱ्यांपैकी कितीजण दर दशक्रिया विधीला झोपाळू चेहरा पाठवतात, तेही एकदा मोजा.

शिवाय युनिकोड प्रत्येक चित्राला क्रमांक आणि नाव देतं, चित्र काढते ज्याची त्याची फोन कंपनी. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की दात दाखवणारा एकच चेहरा काही फोनांवर खुशीतला वाटतो आणि एका कंपनीच्या फोनवर दुखतंय म्हणून दात आवळल्यासारखा. पुढे कंपन्यांनी चित्रं बरीच सारखी करत आणली, पण जुने फोन अजून लोकांच्या खिशात आहेत. काकांचा फोन कुठल्या सालचा आहे, ते बघाच.

हसणाऱ्या आसवांवरून प्रकरण कोर्टातही गेलेलं आहे. कर्मचाऱ्यांच्या एका ग्रुपवर एका अधिकारी बाईंनी टाकलेल्या व्हिडिओखाली काहींनी हाच चेहरा टाकला, बाईंनी फिर्याद दिली. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. असा चेहरा म्हणजे मनातली भावना दाखवणं आहे, एवढ्यावरून गुन्हा होत नाही, असा त्याचा सूर. तिथे तर चेहरे जाणूनबुजून टाकलेले होते. तुमच्या काकांचा बिचाऱ्यांचा तोही दोष नाही.

माझं म्हणणं एवढंच, की काकांना त्या मुलाच्या घरी पाठवा. फोन घरी ठेवून. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी बातमी टाकताना तुम्हीच लिहा, ‘कृपया चित्रं न टाकता दोन शब्द लिहावेत.’ चाळीस जणांचे जोडलेले हात वर सरकवत सरकवत बाकीच्यांना अंत्यविधीची वेळ शोधावी लागली असेल. ही वेळ तुम्ही वर चिकटवून ठेवली होती का?

प्रश्न : माझा रावेर तालुक्यात केळीचा बाग आहे. व्यापाऱ्याला मी मोबाइलवर भाव, माल आणि कापणीचा दिवस लिहून पाठवला. त्याने अंगठा वर केला. मी मजूर सांगितले. कापणीच्या आदल्या रात्री तो म्हणतो, ‘मी फक्त मेसेज पाहिला असं कळवलं होतं, भाव कुठे मान्य केला?’ दरम्यान भाव पडला होता, हे सांगायला नकोच. अंगठ्याला काही किंमत आहे की नाही?
— एक केळी उत्पादक, जळगाव जिल्हा

उत्तर : दादा, तुमच्यासारखंच प्रकरण कॅनडात घडलंय, फक्त तिथे फिरला तो शेतकरी. सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाचा करार केला, सही केली, त्याचा फोटो काढून शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि ‘करार पक्का कळवा’ असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. माल द्यायची वेळ आली तोवर जवसाचा भाव वर गेला होता, माल आला नाही. कोर्टात शेतकरी म्हणाला, की अंगठा म्हणजे फोटो मिळाला, एवढंच. करार सावकाश वाचणार होतो. न्यायाधीशांनी या दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वी हाच शेतकरी ‘ओके’ किंवा ‘ठीक दिसतंय’ एवढं एकदोन शब्दांत लिहायचा आणि मग माल मुकाट्याने पोचवायचा. त्यामुळे यावेळचा अंगठाही तसाच होकार आणि सहीच्या जागी, असा २०२३ चा निकाल. सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलर भरपाई. पुढच्या वर्षी अपिलातही तो निकाल टिकला.

हे कॅनडाचं. इथल्या कोर्टाला ते बंधनकारक नाही, आणि मी वकील नाही. पण एक गोष्ट तुम्हाला वकिलाकडे नेण्यासारखी आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार रद्दबातल ठरत नाही. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस मिळाली असं मानलं, कारण निळ्या खुणांवरून ती पोचून उघडलीही गेल्याचं दिसत होतं. म्हणजे ‘पाहिलं’ हे सांगायला निळ्या खुणा आहेतच. मग वर अंगठा कशाला, हे त्या व्यापाऱ्याला विचारायला हवं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागचे मेसेज काढा. गेल्या हंगामात त्याने असाच अंगठा दाखवून गाडी भरून नेली होती का? नेली असेल तर ते सगळे मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, आणि वकिलाला दाखवा. कॅनडाच्या प्रकरणात वजन अंगठ्याच्या चित्राला नव्हतं, दोघांच्या जुन्या रिवाजाला होतं.

पुढच्या वेळी अंगठा आला की थांबू नका. ‘म्हणजे अमुक भावाने, इतके क्विंटल, सोमवारी कापणी, असं मान्य ना? हो लिहा.’ असं परत पाठवा. ‘हो’ येईपर्यंत मजूर सांगू नका. ज्याला व्यवहार करायचा आहे तो दोन अक्षरं लिहायला कंटाळत नाही. आमच्या आज्यांचा अंगठा निदान शाईत बुडवून कागदावर उठायचा, आणि उठवताना शेजारी दोन साक्षीदार उभे असायचे.

प्रश्न : नातू नेदरलँड्सला शिकतो. मी त्याला त्याच्या आजोबांचा धोतर नेसतानाचा फजितीचा किस्सा लिहून पाठवला. उत्तरादाखल त्याने चार कवट्या पाठवल्या. सणासुदीच्या दिवशी! मी देवापुढे दिवा लावून बसले. त्याच्या मनात काही वाईट तर नाही ना?
— आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, दिवा राहू दे, पण काळजी नको. हसून हसून मेलो, असं म्हणतो तो. आनंदाश्रूंचा चेहरा त्या वयात आता म्हाताऱ्यांचा समजला जातो, म्हणून कवटी. चार कवट्या म्हणजे किस्सा फारच आवडलाय. दुसरा पाठवा.

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात आमचे वरिष्ठ जपानी आहेत. त्यांच्या मेलमध्ये (^_^) आणि (^_^;) अशा आकृत्या असतात. मान वाकडी करून पाहिली तरी चेहरा दिसत नाही. दुसरी आकृती बहुधा मी काही चूक केली की येते.
— एक अभियंता, पिंपरी

उत्तर : मान सरळ ठेवा, हे चेहरे उभेच आहेत. दोन टोप्या म्हणजे हसून आकसलेले डोळे, मधली रेघ तोंड, कंस म्हणजे गाल. जपानमध्ये ही रीत १९८६ च्या सुमारास तिथल्या संगणक-जाळ्यावर सुरू झाली. पाश्चात्त्य चेहऱ्यात तोंड बदलतं आणि डोळे दोन ठिपके राहतात, जपान्यांच्यात तोंड तसंच राहतं आणि डोळे बोलतात. रडायचं झालं तर (;_;), म्हणजे डोळ्यांतून धार. जपानी आणि अमेरिकी लोकांना असे चेहरे दाखवून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही जपानी लोक भाव ओळखायला डोळ्यांकडे आणि अमेरिकी तोंडाकडे जास्त लक्ष देतात, असंच दिसलं.

तुमच्या (^_^;) मधला अर्धविराम हा कपाळावरून ओघळणारा घाम आहे. साहेब अवघडलेत. तुमची चूक सांगायची आहे, पण थेट सांगवत नाही. तेव्हा असा मेल आला की मजकूर पुन्हा वाचा, कामाची गोष्ट बहुधा त्या घामाच्या अलीकडच्या वाक्यात असते. उलट टपाली अंगठा पाठवू नका. ‘दुरुस्त करून उद्या पाठवतो’ असं लिहा आणि खरंच पाठवा.

प्रश्न : मी मराठीतच लिहितो, इंग्रजी कळफलक वापरत नाही. पण हसू लिहायला गेलो की अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडतो आणि ‘ः)’ असं काहीतरी होतं. शिक्षक वडील म्हणतात, की विसर्गाची विटंबना थांबव. अस्सल मराठी पद्धतीने हसायचं कसं?
— विद्यार्थी, अकरावी, वाशीम

उत्तर : बाळा, वडिलांना सांग, ही विटंबना तुझ्या जन्माआधीची आहे. सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर रोमन कळांनी देवनागरी लिहिताना असेच विसर्ग सांडायचे. दात काढून हसणारा चेहरा ‘ःड’ असा उमटायचा. लोकांनी तो तसाच स्वीकारला आणि पुढे मुद्दाम लिहू लागले. त्यांतलं मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथली मंडळी या चेहऱ्यांना बाहुल्या म्हणतात. डोळा मारणारी बाहुली, कपाळावर हात मारणारी बाहुली. थट्टा केली की पुढे ‘दिवे घ्या’ म्हणतात, इंग्रजीतल्या ‘लाइट’वर केलेली कोटी. कुणी नुसतं ‘ह. घ्या.’ लिहितं, हलके घ्या. आणि ज्याला दम आहे तो ‘हघेवेसांनल’ लिहितो. हलके घेणे, वेगळे सांगणे न लगे. एवढं उच्चारता उच्चारता समोरच्याचा राग उतरतो.

त्याच्याही आधीचं हवं असेल तर ग्रंथालयात जा आणि जुन्या संमेलनाध्यक्षांची छापील भाषणं काढ. मधेच कंसात लिहिलेलं असतं, (हशा). जास्त रंगलं असेल तर (प्रचंड हशा व टाळ्या). घरी बसून वाचणाऱ्याला कुठे हसायचं ते कळावं, म्हणून. फालमन साहेबांनी पिट्सबर्गला मांडलेली गरज आपल्या वार्ताहरांनी कंसात कधीच भागवली होती. तू वडिलांना पुढचा मेसेज असा करून बघ, ‘बाबा, गणितात पस्तीस (हशा)’.

अपूर्णविरामच हवा असेल तर फोनच्या मराठी कळफलकावर आकडे आणि चिन्हांचं पान उघड, तिथला : घे, अक्षरांच्या पानावरचा विसर्ग घेऊ नको. आणि चिन्हाआधी एक जागा मोकळी सोड, नाहीतर ते शेवटच्या अक्षराला चिकटतं आणि वडिलांना पुन्हा विसर्गच दिसतो.